फेरफार नोंदवही व तिची नियमपुस्तिका

जमिनीवरील हक्कांत वारसा, खरेदी-विक्री, वाटणी, गहाण, बक्षीस किंवा न्यायालयाचा निर्णय यांमुळे होणारा प्रत्येक बदल अनुक्रमांक व तारीख घालून ज्या गावदप्तरात लिहिला जातो, त्यास फेरफार नोंदवही (गाव नमुना ६) असे म्हणतात. ‘सातबारा’ या नावाने सर्वपरिचित असलेला उतारा (गाव नमुना ७ व १२) जमिनीची आजची स्थिती दाखवितो; ती स्थिती कोणत्या टप्प्यांनी आली, हे फेरफार नोंदवही सांगते. मूळ मजकूर नाहीसा न करता त्यावरील प्रत्येक बदल, त्याचे कारण, तो लिहिणारा व त्यास मंजुरी देणारा यांच्यासह जपून ठेवावयाचा, हे तत्त्व संगणकशास्त्रात १९७२ पासून ‘आवृत्ती-नियंत्रण’ म्हणून पुढे आले. मुंबई इलाख्याच्या महसूल खात्याने ते विसाव्या शतकाच्या आरंभीच कागदावर अंमलात आणले होते. अलीकडे ‘ई-फेरफार’ या आज्ञावलीच्या रूपाने ते संगणकावर आले आहे. नोंदवही कशी लिहावी, हे ती लिहिणाऱ्यास सांगणारी पुस्तिका दोन्ही काळांत आवश्यक ठरली. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या पुस्तिकेचा व ती अद्ययावत ठेवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास दिला आहे.

पद्धतीचे स्वरूप : रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील कोंडाणे हे राजमाचीच्या पायथ्याचे, उल्हास नदीच्या खोऱ्यातील गाव तेथील बौद्ध लेण्यांमुळे प्रसिद्ध आहे. लेण्यातील एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ कोरलेल्या ब्राह्मी लेखात हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केल्याचे म्हटले आहे. कोणी काय केले, हे कामाच्या शेजारीच लिहून ठेवण्याची रीत या खोऱ्यात अशी फार जुनी आहे. या भागातील जमीन म्हणजे खालच्या अंगाला भातखाचरे व वर डोंगरउताराची वरकस जमीन. खातेदारांत कुणबी, आगरी यांच्याबरोबर ठाकूर व कातकरी या आदिवासी जमातींचे लोकही आहेत. मुंबई आणि पुणे यांच्या मध्ये, लोहमार्गावर वसल्यामुळे कर्जत–खालापूर पट्ट्यातील जमिनींना बाहेरून मोठी मागणी असते. सातबाऱ्यावरील एका नावाला येथे किती वजन आहे, हे त्यावरून ध्यानात येईल.

अशा गावातील एखादा खातेदार मरण पावला, असे समजू. कायद्याप्रमाणे वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. तलाठी फेरफार नोंदवहीत पुढचा अनुक्रमांक घालून हकीकत लिहितो. नोंदवहीत चार रकाने असतात : नोंदीचा अनुक्रमांक, संपादन केलेल्या अधिकाराचे स्वरूप, परिणाम झालेले भूमापन व उपविभाग क्रमांक, आणि चाचणी करणाऱ्या अधिकाऱ्याची सही किंवा शेरा. त्यानंतर हितसंबंधितांना नोटीस दिली जाते व नोंदीची प्रत चावडीवर लावली जाते. पंधरा दिवसांत कोणी तक्रार केली, तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या नोंदवहीत (गाव नमुना ६अ) जाते. तक्रार नसल्यास मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतो किंवा कारण देऊन रद्द करतो. हस्तलिखित दप्तराच्या काळात तलाठी नोंद घेताच सातबाऱ्यावर पेन्सिलने तिचा उल्लेख करून ठेवी आणि ती प्रमाणित झाल्यावरच शाई वापरी. कमी झालेले नाव खोडले जात नसे. त्यास कंस केला जाई व नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिला जाई. पेन्सिल, शाई, कंस व वर्तुळातील आकडा एवढ्या साधनांवर एखाद्या गटाचा इतिहास पणजोबापर्यंत मागे नेता येतो.

ही पद्धती हक्क निर्माण करीत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. नोंद विरुद्ध पुराव्याअभावी खरी मानली जाते (महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, कलम १५७). मालकीचा अंतिम निवाडा दिवाणी न्यायालयाचा. व्यवहारात मात्र कर्ज, नुकसानभरपाई, भूसंपादनाचा मोबदला हे सर्व या नोंदीवरूनच चालते. त्यामुळे कायद्याने केवळ गृहीतक म्हणून स्वीकारलेली नोंद शेतकऱ्याच्या दृष्टीने जमिनीइतकीच खरी ठरते.

इतिहास : गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने स्थिर झालेल्या भूमापन पद्धतीत प्रत्येक शेताला क्रमांक व आकार मिळाला. सरकारला सारा कोणाकडून घ्यावयाचा, एवढ्यापुरते खातेदाराचे नाव लिहिले जाई. जमीन प्रत्यक्षात कोण कसतो, तिच्यावर गहाण आहे काय, भावाभावांत वाटणी झाली आहे काय, याच्याशी भूमापन खात्याला कर्तव्य नव्हते. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमानेही ही उणीव भरून काढली नाही. दख्खनमधील सावकारी व्यवहारांमुळे कागदावरील खातेदार व वहिवाट करणारा यांतील अंतर वाढत गेले. अखेर १९०३ च्या अधिनियमाने हक्कनोंदीची स्वतंत्र व्यवस्था केली आणि १९१३ मध्ये ती महसूल अधिनियमातच एका नव्या प्रकरणाच्या रूपाने समाविष्ट झाली. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात दाखविलेला आहे. पुढे तो कुलाबा जिल्ह्यात आला व १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. गावाचा जिल्हा किंवा जिल्ह्याचे नाव बदलले, तरी भूमापन क्रमांक आणि त्यांवरील फेरफारांची साखळी चालू राहिली.

कायदा झाला तरी तो चालवावयाचा होता गावोगावच्या तलाठ्यांनी. त्यांच्यापैकी बहुतेकांचे शिक्षण मराठी इयत्तांपुरते झालेले, कार्यालय बहुधा स्वतःच्या घरी किंवा चावडीत, आणि वरिष्ठ महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येणार. त्यांना अधिनियमाचे कलम देऊन भागण्यासारखे नव्हते. कोणत्या रकान्यात काय लिहावे, वारस अज्ञान असल्यास पालनकर्त्याचे नाव कसे घालावे, एकाच दिवशी दोन दस्त आले तर क्रम कसा लावावा, अशा प्रश्नांना उत्तर देणारे पुस्तक हवे होते. मुंबई इलाख्याचे जमाबंदी आयुक्त म्हणून काम केलेले एफ. जी. एच. अँडरसन यांनी गाव, तालुका व जिल्हा यांच्या महसुली हिशेबांची नियमपुस्तिका तयार केली. महसूल खात्यात ती आजही ‘अँडरसन मॅन्युअल’ या नावाने ओळखली जाते. गावदप्तराचे १ ते २१ हे नमुने, त्यांचे उपनमुने व त्यांचे परस्परसंबंध या पुस्तिकेने महसूल कर्मचाऱ्यांच्या पिढ्यांच्या अंगवळणी पाडले. तिचा विशेष असा की, नमुना भरण्याची रीत सांगताना ती त्यामागचे कारणही सांगते. एका नमुन्यातील बेरीज दुसऱ्या कोणत्या नमुन्याशी जुळली पाहिजे, हे समजलेला तलाठी पुस्तिकेत नसलेला प्रसंग उद्भवला तरी सहसा चुकत नसे.

पुस्तिका छापून झाली की तिचे काम संपत नाही, ही जाणीव या व्यवस्थेत प्रथमपासून होती. शासनाकडून येणारी शुद्धिपत्रे पुस्तिकेत योग्य पानावर चिकटवावयाची, रद्द झालेला मजकूर रेघ मारून तसाच ठेवावयाचा आणि समासात आदेशाचा क्रमांक व तारीख लिहावयाची, असा शासकीय नियमपुस्तिकांबाबतचा सर्वसाधारण प्रघात होता. इतकेच नव्हे, तर गावाकडे कोणती माहितीपुस्तके, नियमपुस्तिका व स्थायी आदेश आहेत, यांची नोंद ठेवण्यासाठी एक स्वतंत्र गाव नमुनाच (क्रमांक १६) नेमलेला आहे. एकवीस नमुन्यांत तो सर्वांत दुर्लक्षित असावा. तपासणीत सातबारा, पीकपाहणी व वसुली यांकडे जेवढे लक्ष जाई, तेवढे या नमुन्याकडे जात नसे. शुद्धिपत्रे चिकटविलेली एखादी जुनी प्रत जाडीने दुप्पट झालेली असे, तर शेजारच्या सजातील प्रत कोरीच्या कोरी राही. मग एकाच तालुक्यात नियमांच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी चालू असत.

स्वातंत्र्योत्तर काळात कायद्यांचा वेग वाढला आणि पुस्तिकेवर ताण पडला. १९४८ च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून त्या दिवशी जमीन कसणारी कुळे कायद्याच्या दृष्टीने जमिनीची मालक झाली. त्यासाठी ७अ या नमुन्यातील कुळांच्या नोंदी निर्णायक ठरल्या. पुढे दशमान पद्धत आल्यावर एकर-गुंठ्यांची क्षेत्रे हेक्टर-आरमध्ये बदलावी लागली. एक गुंठा म्हणजे जवळजवळ, पण नेमका नव्हे, एक आर. त्यामुळे लहान पोटहिश्श्यांच्या बेरजा मूळ क्षेत्राशी जुळेनाशा झाल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली. तिच्या आधारे अधिकार अभिलेखांचे नियम १९७१ मध्ये झाले. राज्यकारभाराची भाषा मराठी झाल्यामुळे परिभाषाही नवी आली : हक्कनोंदीचे ‘अधिकार अभिलेख’ झाले व कब्जेदाराचा ‘भोगवटादार’ झाला. ‘फेरफार’ हा शब्द मात्र टिकला. तो इतका रुळलेला होता की, परिभाषाकारांनी त्यास हात लावला नाही, हे योग्यच झाले.

या काळातील एक कायदा पुस्तिका आणि नोंदवही यांचे महत्त्व विशेष स्पष्ट करतो. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद महाराष्ट्रात १९७५ पासून झाली. ६ जुलै १९७४ नंतरच्या हस्तांतरणास संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. कर्जत तालुक्यातील एखाद्या ठाकूर कुटुंबाची जमीन या तरतुदीत बसते की नाही, हे पाहताना व्यवहार कोणत्या दिवशी झाला, ही पहिली बाब. दस्त नसलेल्या किंवा हरवलेल्या व्यवहारात त्याचा मुख्य माग फेरफार नोंदवहीत सापडतो. तेथे जमातीचा उल्लेख केला आहे काय, नोटीस कोणाला बजावली, अंगठा कोणाचा, हे तपशील अर्ध्या शतकानंतर कुटुंबाचे भवितव्य ठरवू शकतात. ते तपशील लिहिले जाणे हे त्या वेळच्या तलाठ्यास नवा नियम कळला होता की नाही, म्हणजेच शुद्धिपत्र त्याच्यापर्यंत पोहोचले होते की नाही, यावर अवलंबून होते. चूक बहुधा दुष्टपणाची नसे, जुन्या पानाची असे. ज्याचे नाव गेले त्याला त्या भेदाचा उपयोग नव्हता.

हस्तलिखित दप्तराचा दुसरा धोका पुनर्लेखनाचा होता. सातबाऱ्याच्या पानावरील जागा संपली की ठरावीक वर्षांनी, सामान्यतः दहा वर्षांनी, तो नव्याने लिहिला जाई. नक्कल करताना एखादे नाव किंवा ‘इतर हक्क’ या रकान्यातील एखादा बोजा गळून पडे. अशी लेखनप्रमादाची चूक दुरुस्त करण्याची सोय कलम १५५ मध्ये आहे. तथापि ती लक्षात येण्यास मागील फेरफार वाचणारा कोणीतरी लागतो.

संगणकक्षेत्रातील समांतर अनुभव : याच अडचणी पुढे संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांना आल्या. अनेक जण एकच मजकूर बदलू लागले की कोणी, केव्हा, का बदल केला, हे कळावे म्हणून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी १९७२ मध्ये पहिली मान्यताप्राप्त आवृत्ती-नियंत्रण आज्ञावली रचली. १९८० नंतरच्या दशकात वॉल्टर टिची यांची आरसीएस व तिच्यावर उभारलेली सीव्हीएस या आज्ञावली आल्या. २००५ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी ‘गिट’ ही आज आघाडीवर असलेली आज्ञावली सुरू केली. सीव्हीएसची पुस्तिका स्वीडनमधील पेर सीडरक्विस्ट यांनी लिहिली व पुढे इतरांनी ती सांभाळली. अँडरसनप्रमाणेच तीही लेखकाच्या आडनावानेच ओळखली जाऊ लागली. सबव्हर्जन या आज्ञावलीच्या तीन जाणकारांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेले पुस्तक आणि स्कॉट चेकन यांचे गिटवरील पुस्तक (२००९; बेन स्ट्राउब यांच्यासह दुसरी आवृत्ती २०१४) मुक्त परवान्याखाली असल्याने वाचकांनीच त्यांत दुरुस्त्या सुचविल्या व भाषांतरे केली. त्यांतील महत्त्वाची गोष्ट अशी की, ही पुस्तके ज्या पद्धतीचे वर्णन करतात, त्याच पद्धतीने ती स्वतः ठेवलेली आहेत. गिटची अधिकृत माहितीपत्रे तर आज्ञावलीच्या मूळ मजकुराशेजारी, त्याच भांडारात असतात. आज्ञावलीत बदल सुचविणाऱ्याने माहितीपत्रातही बदल करावा, अशी अपेक्षा असते. शुद्धिपत्र पोहोचले की नाही, हा प्रश्न तेथे पुष्कळ अंशी मिटला.

ई-फेरफार : भूमि अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र शासनाची योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली. प्रारंभी सातबारा केवळ टंकित केला जाई व हस्तलिखित दप्तरच प्रमाण राही. साहजिकच दोघांत अंतर पडत गेले. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमि अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. त्याखाली पुण्याचे जमाबंदी आयुक्त कार्यालय व राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी ई-फेरफार ही आज्ञावली विकसित केली व ती पुढील दशकात राज्यभर लागू झाली. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्ताची माहिती तिच्यात संगणकावरूनच तलाठ्याकडे येते, नोटीस आज्ञावली तयार करते, मुदत संपल्याशिवाय मंडळ अधिकाऱ्यास नोंद प्रमाणित करता येत नाही, आणि फेरफार घेतल्यावाचून सातबाऱ्यात बदल होत नाही. पूर्वी पुस्तिकेत असलेले कित्येक नियम आता आज्ञावलीतच बसले.

तत्पूर्वी हस्तलिखित व संगणकीकृत सातबारे ताडून पाहण्याचे प्रचंड काम करावे लागले. २०१७ च्या सुमारास गावोगाव चावडीवाचन करून खातेदारांसमोर सातबारे वाचण्यात आले आणि सापडलेल्या चुका तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्त झाल्या. विसंगती शोधणारे क्रमांकित अहवालही आज्ञावलीत आहेत. त्यांतील पहिला अहवाल सातबाऱ्याचे एकूण क्षेत्र आणि त्यावरील खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज यांतील फरक दाखवितो. दशमान रूपांतरातील गुंठा-आराचा जुना हिशेब तेथे पुन्हा वर आला, असे म्हणता येईल.

ई-फेरफारच्या मराठी वापरपुस्तिकेचे स्वरूप अँडरसनच्या पुस्तिकेहून सर्वस्वी वेगळे आहे. पडद्याची चित्रे देऊन कोणत्या ठिकाणी कळ दाबावी, कोणता पर्याय निवडावा, हे ती क्रमाने सांगते. नवशिक्या कर्मचाऱ्यास ती सोयीची पडते. मात्र पडद्याची मांडणी बदलली की चित्र जुने होते, आणि आज्ञावलीत सुधारणा वारंवार होतात. यावर उपाय म्हणून जमाबंदी आयुक्त कार्यालयाकडून क्रमांकित मार्गदर्शक सूचना काढण्यात येऊ लागल्या. वारस, पोटहिस्सा, अज्ञानाचे नाव कमी करणे, बँकेचा बोजा अशा एकेका विषयावर त्यांत स्पष्टीकरण असते. एका अर्थी ही शुद्धिपत्रांचीच परंपरा होय. फरक एवढाच की, चिकटविण्यासाठी पान राहिलेले नाही. कोणत्या सूचनेने पूर्वीची कोणती सूचना रद्द झाली, हे वाचणाऱ्याने स्वतः जुळवावयाचे असते. जमिनीच्या प्रत्येक बदलाचा क्रम जपणाऱ्या व्यवस्थेने स्वतःच्या सूचनांचा क्रम वाचकावर सोडावा, हे विचित्र आहे. शिवाय अमुक कळ का दाबावयाची, हे कलमाच्या आधाराने सांगणारा भाग या पुस्तिकांत तुलनेने तोकडा आहे. कायदा जाणणारे, आज्ञावली लिहिणारे आणि सजात बसून ती वापरणारे असे तीन वर्ग निर्माण झाले असून पुस्तिका बहुधा दुसऱ्याच्या दृष्टीने तिसऱ्यासाठी लिहिली जाते. अँडरसनच्या काळी पहिला व दुसरा वर्ग एकच होता.

वाचकवर्गही बदलला. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा कोणासही संकेतस्थळावरून मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून करण्याची पद्धत राज्यभर सुरू झाली. तलाठ्यासाठी लिहिलेली परिभाषा त्यामुळे थेट शेतकऱ्यापुढे आली. ‘भोगवटादार वर्ग २’ किंवा ‘पोटखराबा’ यांचा अर्थ सांगणे हे आता पुस्तिकेचेच काम झाले आहे. कोंडाण्यासारख्या डोंगरपायथ्याच्या गावात, जेथे भ्रमणध्वनीची लहर सर्वत्र सारखी मिळत नाही, तेथे ते बहुधा कोणीतरी शेजारी बसून करतो.

२०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारण्यात आला. त्यात गावाचा सांकेतांक, क्षेत्राचे एकक व जुन्या फेरफारांचे क्रमांक यांबरोबर ‘शेवटचा फेरफार क्रमांक व दिनांक’ आणि ‘प्रलंबित फेरफार’ असे उल्लेख येतात. घेतलेली, पण अद्याप प्रमाणित न झालेली नोंद उताऱ्यावर दिसावी म्हणून तलाठी पूर्वी पेन्सिलीने जे लिहून ठेवीत असे, तेच हे होय. २०२४ मध्ये तलाठी या पदाचे नाव शासनाने ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे केले. संहितेचा, नियमांचा व पुस्तिकांचा पूर्वीचा सर्व मजकूर तलाठी याच शब्दाने लिहिलेला आहे, आणि गावातील लोकही तोच शब्द वापरतात.